इस्राएलहून कोकणात: पूर्वजांचे गाव शोधताना

इस्राएलमधील अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा येथून बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, कुटुंबे आपले मूळ गाव पाहायला कोकणात येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा आठ-दहा दिवस असतात आणि त्यांतले चार-पाच मुंबईतच निघून जातात. उरलेल्या वेळात अलिबागचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), नवगावचे पूर्वजांचे स्मारक आणि समुद्रकिनारा पाहून मंडळी परततात. ज्या गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या आडनावात वागवले, त्या गावाच्या वेशीपर्यंत त्यांतले कित्येक जण पोहोचतच नाहीत. मी अलिबाग तालुक्यात राहतो. गेल्या काही वर्षांत अशा चार-पाच कुटुंबांबरोबर गावोगाव हिंडण्याचा योग आला, आणि थोडी पूर्वतयारी झाली असती तर केवढी निराशा टळली असती, हे प्रत्येक वेळी जाणवले. ज्या घरांत अजून कोणीतरी मराठी वाचते त्या कुटुंबांसाठी, आणि त्यांना येथे सोबत करणाऱ्या मित्रांसाठी, शेजाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी आजीला विचारा

शोधाची सुरुवात आडनावापासून करावी असे सर्वांनाच वाटते आणि ते बरोबरही आहे. बेने इस्राएलांची शंभराहून अधिक आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत: पेणकर, रोहेकर, केहीमकर, झिराडकर, मापगावकर, वाकरूळकर, चेऊलकर, अष्टमकर. यांतील काहींचा उलगडा लगेच होतो. केहीमकर हे किहीमचे, अष्टमकर हे रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे, वाकरूळकर हे पेण तालुक्यातील वाकरूळचे. परंतु नागावकर म्हटले की अडचण सुरू होते, कारण एक नागाव अलिबागजवळ आहे आणि दुसरे उरणजवळ. शिवाय आडनाव हे कुटुंब जेथून कधीकाळी निघाले त्या गावाचे असते. इस्राएलला जाण्यापूर्वीचे शेवटचे घर तेथेच होते असे मुळीच नाही. रोहेकरांच्या दोन पिढ्या पेणमध्ये आणि तिसरी मुंबईत भायखळ्याला राहिलेली असू शकते. म्हणून आडनावाचे गाव आणि शेवटच्या वस्तीचे गाव अशी दोन नावे वेगवेगळी लिहून ठेवावीत, आणि दोहोंपैकी कोणते पाहण्यासाठी जीव ओढतो आहे, याचा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा.

हा निर्णय घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या बोलण्यातून होतो. त्या माणसाशी हिब्रूत न बोलता मराठीत बोलावे, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. नातवंडांना मराठी येत नसेल तर मराठी येणाऱ्या एखाद्या आत्याला किंवा मावशीला शेजारी बसवावे आणि सगळे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. ‘आपले घर कसे होते?’ असे विचारले तर ‘चांगले होते, मोठे होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पाणी कोठून आणत होते, परसात कोणते झाड होते, ओटीवर कोण झोपत असे, शेजारी कोण राहत असे, आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरत असे, घरी तेलाचा घाणा होता का, असे एकेक विचारावे. बेने इस्राएलांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यामुळे घाण्याची जागा हा आजही गावात विचारता येण्यासारखा धागा आहे.

सणांची जुनी मराठी नावेही अवश्य विचारावीत. रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, घरात नव्याचा सण म्हणत का, योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दार फळणीचा सण म्हणत का, वसंतातल्या पुरीमला होळीचा सण म्हणून पुरणपोळी करत का, तिशा बाअव्हच्या, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतीच्या, उपासाला बिरड्याचा रोजा म्हणत का? या नावांवरून गाव सापडत नाही, पण जुने शब्द कानावर पडले की गप्प बसलेली माणसेही बोलू लागतात. बिरड्याचे वाल कोणाच्या शेतातले येत असत, ते कोण सोलत बसे, असे करता करता एखाद्या आळीचे किंवा शेजारणीचे नाव अवचित बाहेर पडते. मला आजवर मिळालेला सर्वांत उपयुक्त पत्ता असाच मिळाला आहे.

कागदपत्रे

प्रवासाच्या कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. इस्राएली पारपत्र असणाऱ्यांना भारताचा ई-पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि एकाच भेटीसाठी तो पुरेसा आहे. मात्र आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी भारताचे नागरिक होते हे दाखवता येत असेल, तर ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) अर्ज करणे अधिक चांगले, कारण ते आजन्म चालते आणि पुन्हा पुन्हा येण्याची वाट मोकळी राहते. या अर्जासाठी जुने भारतीय पारपत्र, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला असे जे कागद लागतात, तेच कागद गाव शोधण्याच्याही कामी येतात, म्हणून दोन्ही तयारी एकदमच करावी. या कामाला काही महिने लागू शकतात हेही लक्षात असू द्यावे.

आता जुने कागद कसे वाचावेत ते सांगतो, कारण येथेच सर्वाधिक घोटाळे होतात. कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ असे लिहिलेले असेल तर ते मुंबईतले कुलाबा नव्हे. आजच्या रायगड जिल्ह्याचेच जुने नाव कुलाबा असे होते आणि ते १९८१ साली बदलले. पूर्वजांचे घर मुंबईतल्या कुलाब्यात होते अशा समजुतीने आलेले एक कुटुंब दोन दिवस तेथल्या गल्ल्या शोधत होते. त्यांच्या हातातल्या दाखल्यावर तालुका अलिबाग असे स्वच्छ लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट नावांची. घरातला हिब्रू वंशवृक्ष पाहिला तर त्यात शमुएल, यहेझकेल, अव्राहाम, दाविद अशी नावे दिसतात. गावच्या दप्तरात मात्र त्याच माणसांची मराठी वळणाची नावे असतात: सामाजी, हसाजी, आबाजी, दाऊदजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग, १७९६ सालचे शार हारहामीम, ज्यांनी उभारले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. ही जोडी ठाऊक नसेल तर नोंद डोळ्यांसमोर असूनही हाताला लागत नाही. त्यामुळे प्रत्येक पूर्वजाच्या नावापुढे त्याचे घरगुती, मराठी आणि इंग्रजी रूप लिहून एक कागद तयार करावा व तो देवनागरीत छापून बरोबर ठेवावा. जातीच्या रकान्यात ‘इस्राएल’, ‘यहुदी’ किंवा नुसतेच ‘तेली’ असेही लिहिलेले असू शकते, त्यामुळे तो रकाना पाहून पान उलटू नये.

गावातल्या नोंदी कोठे पाहाव्यात? जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. त्याला कोतवाल बुक म्हणतात आणि ती पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. जमिनीच्या मालकीत कोणाचे नाव केव्हा कमी झाले हे फेरफार उताऱ्यावरून कळते. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हे साधन बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. जुन्या मराठी शाळांमध्ये ते आजही जपलेले असते आणि त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव असे सारे एका ओळीत सापडते. मुंबईत शिकलेल्या पूर्वजांसाठी माझगावच्या सर एली कदूरी शाळेत चौकशी करावी. ही शाळा हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी सुरू केली होती. अर्ज मराठीत आणि लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी, आणि शक्य असल्यास येथील ओळखीच्या माणसाकरवी तो तुमच्या येण्याच्या महिनाभर आधीच दाखल करून ठेवावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले आणि त्याआधीचे कागद मोडी लिपीत निघण्याचा संभव असतो, त्यामुळे मोडी वाचणारा माणूसही आधीच गाठून ठेवावा.

केव्हा यावे, दिवस कसे मोजावेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसते हे खरे, पण जुन्या दफनभूमींत कमरेइतके गवत माजते आणि दगडांवर शेवाळे चढून अक्षरे दिसेनाशी होतात. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचही त्या काळात बंद असतात. तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या सुमारास आलात तर अलिबाग-पेण रस्त्याकडच्या खंडाळा गावाजवळ, एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात त्या खडकापाशी जमणारी मंडळी भेटतील. एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, रथ येथून आकाशात गेला आणि त्याच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. तेथे मलिदा हा प्रसाद होतो: भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची आणि फळे. हे खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचे थंड हवेचे ठिकाण नव्हे, हे भाड्याच्या गाडीच्या चालकाला निघतानाच स्पष्ट सांगावे.

दिवसांचा हिशेब मात्र डोळ्यांत तेल घालून करावा. महाराष्ट्रात शासकीय कार्यालये शनिवारी आणि रविवारी बंद असतात, तर शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतची विश्रांती) पाळणारे कुटुंब शुक्रवारी दुपारनंतर प्रवास करू शकत नाही. म्हणजे आठवड्यातले जेमतेम साडेचार दिवस कचेरीच्या कामाला उरतात, आणि मध्ये एखादी सरकारी सुट्टी आली तर तेवढेही नाहीत. त्यामुळे सोमवारी सकाळी तालुक्याच्या गावी हजर राहता येईल असा बेत आखावा आणि शब्बाथ अलिबागेत किंवा मुंबईत, जेथे सिनेगॉग चालत पोहोचण्याइतके जवळ असेल तेथे, घालवावा. मुंबईहून अलिबागला रस्त्याने यायचे तर पेण आणि वडखळमार्गे यावे लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूमुळे त्यातला मुंबईबाहेर पडण्याचा वेळ बराच वाचतो. वृद्ध माणसे बरोबर असतील आणि गाडीही हवी असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो बोट सर्वांत सुखाची, कारण तीत गाडीसकट येता येते.

सिनेगॉगांना भेट देताना आगाऊ कळवणे आवश्यक आहे. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ १८४८ सालचे असून आजची इमारत १९१० मधली आहे. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, पनवेलचे बेथ एल १८४९ चे आणि पेणचे बेथ हाएलोहीम १८६३ चे. सगळीकडे रोज प्रार्थना होत नाही आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारतच जावे लागते. मुंबईतील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेची विचारपूस होते, म्हणून मूळ पारपत्र जवळ असू द्यावे. जुन्या माणसांना वाट विचारताना ‘सिनेगॉग’ हा शब्द कळला नाही तर ‘इस्राएलांची मशीद’ म्हणून पाहावे. कोकणात तिला असेच म्हणण्याची पद्धत होती.

गावात पाऊल टाकताना

या संपूर्ण प्रवासातली सर्वांत नाजूक जागा ही आहे, आणि तिच्याबद्दल आलेल्या पाहुण्यांना कोणीच सावध करत नाही. अलिबाग परिसरात जमिनीचे भाव फार चढले आहेत. गाडी भरून परदेशी माणसे येतात, जुने कागद बाहेर काढतात आणि ‘आमच्या आजोबांचे घर कोठे होते?’ असे विचारतात, तेव्हा त्या घरात आज राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो हक्क सांगण्याचा. त्याच्या वडिलांनी ती जागा रीतसर विकत घेतलेली असते किंवा कूळ म्हणून ती त्यांच्याकडे आलेली असते. तरीही तो घाबरतो आणि ‘येथे असे कोणी नव्हते’ म्हणून दार लावून घेतो. हे मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा घर बरोबरच होते.

म्हणून गावात शिरताच फाईल उघडू नये. आधी सरपंच, पोलीस पाटील किंवा देवळाच्या कट्ट्यावर बसलेली वडीलधारी माणसे यांना भेटावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की आम्ही जमिनीसाठी आलेलो नाही, आमच्या माणसांनी राहिलेली जागा फक्त पाहायची आहे आणि तुमच्याकडून त्यांच्या आठवणी ऐकायच्या आहेत. हे वाक्य मराठीत पाठ करून यावे. उच्चार चुकला तरी चालेल. परदेशातून आलेल्या तरुण मुलाच्या तोंडून ‘आजोबा, आम्ही इथलेच’ एवढे आले तरी समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. फेरफार आणि सातबारा पाहायचा असेल तर तो गावभेटीच्या आधी तालुक्यात पाहून घ्यावा, गावात त्याविषयी बोलू नये, आणि ज्यांना खरोखरच मालमत्तेचा प्रश्न काढायचा आहे त्यांनी तो वकिलामार्फत, वेगळ्या वेळी काढावा. दोन्ही कामे एका फेरीत केली तर दोन्ही बिघडतात.

गावात किमान दोनदा जावे. पहिल्या दिवशी सगळे अवघडलेले असतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हातारी काठी टेकत येते आणि सांगते की माझ्या सासूबाई तुमच्या घराबद्दल बोलायच्या.

घरचे वडीलधारे माणूस प्रवासाला येऊ शकत नसेल तर त्याला फोनवर बरोबर ठेवावे. इस्राएलची वेळ आपल्या मागे असते, उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास, त्यामुळे आपल्याकडची दुपार त्यांना सोयीची पडते. एका हिवाळ्यात एक मुलगा फोन हातात धरून गावातल्या आळीतून चालत होता आणि अश्दोदहून त्याची आजी पाहत होती. घरे सगळी नवी, सिमेंटची, तिला काहीच ओळखीचे दिसेना. मग वाटेत एक जांभ्या दगडाची विहीर आली. आजीने विचारले, “पायऱ्यांच्या डाव्या हाताला पाण्याची दोण आहे का रे? तिचा एक कोपरा फुटलेला असेल.” मुलाने पालापाचोळा बाजूला केला. दगडी दोण तेथेच होती, आणि तिचा कोपरा फुटलेला होता. विहिरीवर कपडे धुणाऱ्या बाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि पुढची वीस मिनिटे त्या दोघी मराठीत बोलत राहिल्या. मुलाला त्यातले फारसे कळले नाही, पण घर कोणते ते त्या बोलण्यातून निघाले. म्हणूनच फोनमध्ये भारतातले सिमकार्ड आणि पुरेसा डेटा असणे ही साधी गोष्ट विसरू नये.

दफनभूमीत

बेने इस्राएलांच्या दफनभूमी गावाबाहेर, बहुधा झाडीत असतात. नवगावची सर्वांना ठाऊक आहे, कारण गलबत फुटून वाचलेली सात स्त्री-पुरुषांची जोडपी तेथे किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना तेथेच पुरले, अशी परंपरा सांगते. तुमच्या गावची दफनभूमी मात्र लहान, कुंपण नसलेली असू शकते. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, पाण्याची मोठी बाटली आणि मऊ ब्रश बरोबर घ्यावा. दगडावर तारेचा ब्रश, खडू, चुना किंवा कोणतेही रसायन वापरू नये. साधे पाणी शिंपडून, आरसा तिरपा धरून बाजूने उजेड पाडला की अस्पष्ट अक्षरेही उठून दिसतात. शिलालेख अनेकदा हिब्रू आणि मराठी असे दोन्ही असतात. हिब्रू भागातले वर्ष अक्षरांत लिहिलेले असते आणि मराठी भागात इसवी सन असतो, तेव्हा दोन्ही भागांची छायाचित्रे वेगवेगळी व जवळून घ्यावीत. ओळखीची कबर सापडली नाही तरी सर्व दगडांची छायाचित्रे काढून ठेवावीत. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला त्यांतली एक हवी असेल.

खाणे आणि बरोबर नेण्याच्या वस्तू

यजमानांसाठी एक सूचना. अलिबागकडे पाहुणा आला की प्रेमाने कोळंबी किंवा चिंबोऱ्या केल्या जातात, आणि कश्रुत, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणाऱ्यांना नेमक्या त्याच वर्ज्य असतात. खवले आणि पर असलेला मासा चालतो. मात्र काही जण बाहेरच्या भांड्यांतले शिजवलेले काहीच घेत नाहीत. शहाळे, केळी आणि भिजवलेले पोहे ठेवले तर कोणालाच संकोच होत नाही.

पूर्वजांच्या गावची माती न्यावी असे जवळजवळ सर्वांना वाटते. माती, बियाणे आणि रोपे नेण्यावर देशोदेशी बंधने असतात व ती विमानतळावर काढून घेतली जाण्याची शक्यता असते, म्हणून त्यापेक्षा जुन्या घराच्या कौलाचा एखादा तुकडा, तोही मालकाला विचारून, घ्यावा. कोणी आपुलकीने जुना दिवा, पितळी भांडे किंवा हस्तलिखित देऊ केले तर मात्र थांबावे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू आणि महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांपूर्वीची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांची नीट छायाचित्रे काढावीत आणि वस्तू त्या घरातच राहू द्यावी.

परत गेल्यावर एक काम महिन्याच्या आत करावे. गावात काढलेली छायाचित्रे फोनवरून तर पाठवावीतच, पण त्यांतली आठ-दहा कागदावर छापून टपालाने सरपंचांच्या पत्त्यावर पाठवावीत आणि प्रत्येकाच्या मागे, मराठीत, फोटोतल्या माणसाचे नाव आणि ‘अमक्याचा नातू’, ‘अमकीची पणती’ असे नाते लिहावे. आजोबांचे घर आज ज्यांच्याकडे आहे त्यांना त्यांच्या उंबरठ्यावर काढलेला फोटो वेगळ्या पाकिटात पाठवावा.